आमची वाटचाल : जुन्या झिरो-टर्नचे मिस्त्री, बडोदा

गवत कापायच्या मशीनला हात लावणारे बडोद्यात पुष्कळ आहेत. झिरो-टर्नला, म्हणजे बसून चालवायच्या, जागच्या जागी वळणाऱ्या मशीनला, हात लावणारे त्यातले थोडे. आणि जुन्या झिरो-टर्नचं स्टिअरिंग सरळ करून देणारे किती, ते मी लिहीत नाही. लिहिलं तर म्हणाल, स्वतःचीच आरती ओवाळतोय.

२००६ साली आप्पांनी आणि मी अकोटा-मुजमहुडा रस्त्यावर पत्र्याची शेड भाड्याने घेतली. आप्पा नात्यातले नव्हेत. दांडिया बाजारात आमच्याच वाड्यात राहायचे, मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत लेथवर उभं आयुष्य काढलेला माणूस. भांडवल माझं, हात त्यांचे. कारखान्यांच्या वसाहतींमध्ये, मोठ्या शाळांच्या मैदानांवर तेव्हा अमेरिकेहून आलेल्या सेकंडहँड झिरो-टर्न दिसू लागल्या होत्या. घेणारे हौसेने घेत आणि वर्ष-दोन वर्षांत मशीन एका बाजूला ओढायला लागली की ताडपत्री टाकून ठेवून देत. शहरात एकाकडेही इंची पान्यांचा पूर्ण सेट नव्हता. चौदा मिलिमीटरचा पाना ९/१६ च्या नटाला जेमतेम बसतो, तोच १/२ इंचाला लावला की नट गोल करून ठेवतो. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या मशीनचे चेकनट (रॉड ढिला होऊ नये म्हणून आवळलेले नट) असे गोल झालेले असत. आप्पांनी पहिल्याच महिन्यात इंची फिक्स आणि रिंग पाने आणवले. त्यांचे रीमर, म्हणजे भोक मापात आणायची हत्यारं, मात्र स्वतःचे होते, तेल लावलेल्या कॅनव्हासच्या पिशवीत गुंडाळलेले. त्या पिशवीला हात लावायची मलाही परवानगी नव्हती.

धंद्यातल्या लोकांना सांगायला नको, पण बहुतेक झिरो-टर्नला स्टिअरिंगचं चाक नसतं. दोन लिव्हर, दोन हायड्रो (तेलाच्या दाबावर चालणारे ट्रान्समिशन), मागची दोन चाकं स्वतंत्र. पुढची चाकं नुसती कॅस्टर, ती जिकडे ओढाल तिकडे वळतात. कान्ससमधल्या जॉन रेगियरने साठच्या दशकात ही रचना केली आणि १९६४ पासून ती हसलर नावाने विकली गेली. तेव्हापासून तत्त्व तेच आहे. त्यामुळे मशीन डावीकडे ओढत असेल तर डावं चाक हळू फिरतंय किंवा उजवं जास्त, एवढंच. का, ते शोधायला क्रम लागतो. आणि त्या क्रमावरूनच पुढे आमचं एका विक्रेत्याशी भांडण झालं.

आप्पांचा क्रम असा. आधी मागच्या दोन्ही टायरची हवा, कारण हवा कमी त्या बाजूला मशीन ओढते आणि लोक लिंकेज (लिव्हरपासून पंपापर्यंतचे रॉड) पिळत बसतात. मग बेल्ट आणि त्याची ताणाची स्प्रिंग. मग लिव्हरच्या बुडाचे बुश (सांध्यातल्या नळ्या) आणि रॉड एन्ड (रॉडच्या टोकाचे सांधे), हाताने हलवून. लिव्हर हलतो आणि पंपाचा आर्म हलत नाही, असं मधे किती जातं ते पाहायचं. प्लास्टिकचे बुश झिजले असतील तर आप्पा गनमेटलचे करून रीमरने मापात आणत. मग डॅम्पर, म्हणजे लिव्हरचे झटके शोषणारा दांडा. डॅम्पर गेला की लिव्हर झटके खातो, मशीन नाचते आणि वळणावर हिरवळ सोलून काढते. हे सगळं झाल्यावर न्यूट्रल. मागची बाजू जॅकने उचलून घोड्यांवर, पुढच्या चाकांना अडण, सीटचा स्विच (माणूस उठला की मशीन बंद करणारा) तेवढ्यापुरता जोडून, लिव्हर मधे, इंजिन चालू. चाकावर खडूची रेघ मारायची. रेघ हळूहळू पुढे सरकत असेल तर इंजिन बंद करून लिंकच्या दोन्ही टोकांचे चेकनट ढिले करायचे (एका टोकाला उलटे आटे असतात, इथेच नवशिके नट तोडतात), रॉड पाव फेरा फिरवायचा, पुन्हा चालू करून बघायचं. रेघ थांबली की लिव्हर पुढे-मागे करून सोडायचा आणि परत थांबते का ते पाहायचं. सरळ चाल सगळ्यात शेवटी, सपाट जमिनीवर, जास्त पळणाऱ्या बाजूचा स्टॉप बोल्ट (लिव्हर पुढे किती जाईल ते ठरवणारा) फिरवून तिला आवरून. हळू बाजू जोरात पळवायला जाऊ नका, तिच्यात दम असता तर ती पळालीच असती. हायड्रो उघडायची वेळ दहातल्या एखाद्याच मशीनवर येते.

मधली वर्षं बरी गेली.

मग एक विक्रेता आला. नाव लिहीत नाही, शहरातल्या सगळ्यांना माहीत आहे. नवीन मशीन विकायची त्याला मुभा होती, आमचं काही म्हणणं नव्हतं. पण जुनी मशीन ओढायला लागली की त्याचा माणूस जायचा, अर्धा तास बघायचा आणि सांगायचा, ‘दोन्ही ट्रान्समिशन गेले, पार्ट मिळणार नाहीत, एक्स्चेंज करून टाका.’ आमच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा त्याने पगार वाढवून नेला होता, त्यामुळे आमची गिऱ्हाइकं कोण हेही त्याला ठाऊक. एकेक वार्षिक करार गेला. भंगारात गेलेल्या दोन मशीन मी नंतर स्वतः विकत घेतल्या. एकीचा फक्त रॉड एन्ड गेला होता. दुसरीत हायड्रोमध्ये हवा होती. बायपास (हायड्रोतल्या तेलाला मोकळी वाट देणारी झडप) उघडा ठेवून दोन्ही लिव्हर पाच-सहा वेळा सावकाश पुढे-मागे, मग बायपास बंद करून पुन्हा तेच, वर तेलाची पातळी पुरी केली, आणि ती आजही चालते. ‘गेलेल्या’ ट्रान्समिशनवर.

याहून वाईट एक गोष्ट सांगतो. त्या विक्रेत्याकडून आलेल्या मशीनमध्ये सीटचा स्विच कायमचा वायरने जोडलेला सापडायचा. म्हणजे माळी उतरला तरी पाती फिरतच राहणार. तिथे मी गप्प बसलो नाही, गिऱ्हाइकाला फोटो पाठवले. त्यावरून मला निरोप आला की बदनामी केलीत तर बघून घेऊ. अजून बघतायत.

कराराचे पैसे थांबले आणि वर्षभरातच २०२४ चा ऑगस्ट आला. जन्माष्टमीच्या दिवशी पावसाने जोर धरला, आजवा तलावाचं पाणी आलं आणि विश्वामित्री नदी धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली. शेडमध्ये छातीएवढं पाणी. गिऱ्हाइकांच्या मशीन त्यात बुडालेल्या. पाणी उतरल्यावर पहिल्या हायड्रोचं तेल काढलं तर ताकासारखं पांढरं. आप्पा तेव्हा नव्हते, आधीच्या वर्षी गेले. पण त्यांची रीमरची पिशवी माळ्यावर होती, तेवढी कोरडी राहिली.

विक्रेत्याने त्या आठवड्यात आमच्याच गिऱ्हाइकांना फोन लावले. पुरात बुडालेली मशीन द्या, नवीन न्या. बहुतेकांनी दिली. मी त्यांना दोष देत नाही. म्हणजे थोडा देतो.

एका शाळेच्या मैदानाचं काम बघणारे काका मात्र आले, चिखलातून, चपला हातात घेऊन. गुजराती माणूस, माझ्याशी मोडकं मराठी बोलायचा हट्ट. म्हणाले, ‘आमचा मशीन तू कर. गवत वाढते तर वाढू दे.’ शाळेच्या ऑफिसने त्यांना नवीन घ्या म्हणून सांगितलं होतं. त्यांनी नवीन मशीनचं बिल पुढे सरकवलंच नाही आणि मुलांना गुडघाभर गवतात क्रिकेट खेळायला लावलं. तेल तीनदा बदललं तेव्हा कुठे ते स्वच्छ निघालं. बेअरिंग नवीन, पुढच्या कॅस्टरचे बुश नवीन, २०डब्ल्यू-५० तेल भरून हवा काढली. पहिल्या दिवशी काका स्वतः बसले आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लिव्हर पूर्ण पुढे ढकलून गेले. पट्टा सरळ पडला. मग उतरून मला म्हणाले, डावीकडे अजून थोडी जाते. जात नव्हती. तरी मी बोल्ट पाव फेरा फिरवल्यासारखं केलं.

ते मशीन बघून बाकीचे हळूहळू परत आले.

धंदा नव्याने काढणाऱ्यांना सांगतो, कोणी विचारलं नसलं तरी. गिऱ्हाइकासमोर मशीन उघडा, झिजलेला बुश त्याच्या हातात द्या. शाळांना उधारी द्या, बिल्डरला देऊ नका. पोराला धंद्यात आणायचं असेल तर आधी पाने पुसायला बसवा, काउंटरवर नको. माझ्या मुलाला हे पटलेलं नाही, तो म्हणतो आधी जीएसटी शिकायला हवा. तोही शिका. आणि शेड भाड्याने घेताना मालकाला विचारू नका, शेजारच्या टपरीवाल्याला विचारा पाणी कुठपर्यंत येतं.

आता शेड नवीन जागी आहे, जोतं उंच करून घेतलं आहे. मशीन मे महिन्यातच आणा, जूनमध्ये रांग लागते. लिव्हर काढू नका, आहे त्या अवस्थेत आणा. आधी दुसरीकडे दाखवली असेल तर त्यांनी दिलेला अंदाजपत्रकाचा कागदही आणा. आमच्याकडे त्याची एक फाइल आहे.