गाडीतल्या ॲम्प्लिफायरचा गेन जुळवताना: माझा अनुभव

ॲम्प्लिफायरवरचा गेनचा नॉब आवाज लहान-मोठा करण्यासाठी दिलेला नसतो, ही गोष्ट वाशीतल्या एका कार ॲक्सेसरीजच्या दुकानात मी ज्या चिकाटीने सांगत राहिलो, त्याच चिकाटीने ती तिथे नाकारली गेली. दारांना डॅम्पिंग शीट लावणे, बॅटरीपासून डिकीपर्यंत जाड वायर ओढणे, बॅटरीजवळच फ्यूज बसवणे ही कामे तिथल्या मुलांनी सफाईने केली आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती शेवटच्या पाच मिनिटांबद्दल. सगळी जोडणी झाल्यावर एक दणदणीत गाणे लावले गेले, स्क्रूड्रायव्हरने नॉब फिरवला गेला आणि "झालं साहेब, वाजवून बघा" असे म्हणून गाडीची चावी माझ्या हातात देण्यात आली.

मी कोलशेतला राहतो आणि नोकरीसाठी रोज बेलापूरला जातो. ठाणे-बेलापूर रस्त्यावर ट्रक आणि कंटेनर यांच्या घरघरीत आवाज वाढवावाच लागतो आणि तो वाढवला की गाणे फाटू लागे. गायकाचा वरचा षड्ज कर्कश होई, पखवाजाच्या 'धा'मधला गोलावा जाऊन नुसता थाप मारल्यासारखा कोरडा ठोका उरे. काही आठवड्यांनी डावा ट्वीटर, म्हणजे उंच स्वरांचा लहान स्पीकर, बंद पडला. तो काढून नाकाजवळ नेला तेव्हा जळलेल्या वार्निशचा वास स्पष्ट येत होता. दुकानाने सांगितले की व्हॉइस कॉइल (स्पीकरच्या आतले तारेचे वेटोळे) जळणे वॉरंटीत बसत नाही, आणि वर असा सल्ला दिला की स्पीकरची क्वालिटी कमी पडते आहे, तेव्हा वरचे मॉडेल घ्यावे. नवा ट्वीटर मी पदरच्या पैशांनी घेतला, मात्र कारण समजून घेतल्याशिवाय तो जोडायचा नाही असे ठरवले.

कारण समजायला अवघड नाही. स्टिरिओच्या मागच्या आरसीए जोडणीतून काही व्होल्टांचा सिग्नल ॲम्पकडे येतो. कोणत्या स्टिरिओतून २ व्होल्ट मिळतात, कोणत्यातून ४ किंवा ५. इतका सिग्नल आला की तू आपली पूर्ण ताकद दे, हे ॲम्पला सांगण्यासाठी गेन असतो. माझ्या ॲम्पवर ही मर्यादा ०.२ व्होल्टपासून ६ व्होल्टपर्यंत आहे. नॉब ०.५ व्होल्टच्या आसपास ठेवला आणि स्टिरिओतून ३ व्होल्ट येऊ लागले, तर ॲम्पची ताकद कितीतरी आधीच संपते आणि त्यापुढे सिग्नलच्या लहरीचा माथा सपाट कापला जातो. यालाच क्लिपिंग म्हणतात. माथा पूर्ण सपाट झालेल्या चौकोनी लहरीत तेवढ्याच उंचीच्या गोल लहरीच्या दुप्पट शक्ती असते, शिवाय कापलेल्या कडांमुळे मूळ गाण्यात नसलेले वरचे स्वर तयार होतात आणि उंच आणि खालचे स्वर वेगवेगळ्या स्पीकरकडे वाटणारा क्रॉसओव्हर ते थेट ट्वीटरकडे पाठवतो. म्हणून कमी वॅटचा ॲम्पसुद्धा चांगला स्पीकर जाळू शकतो. ही साधी गोष्ट काउंटरपलीकडे शेवटपर्यंत कोणी मान्य केली नाही.

मोजमापासाठी मी लॅमिंग्टन रोडवरून एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणला. हिशेब एका ओळीचा आहे: वॅट आणि ओहम (स्पीकरचा विद्युत अवरोध) यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढले की ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलवर जास्तीत जास्त किती एसी व्होल्ट यावेत ते कळते. माझा चार चॅनेलचा ॲम्प ४ ओहमवर ७५ वॅट आरएमएस (सतत देता येणारी शक्ती) देतो, म्हणजे १७.३ व्होल्ट. स्पीकर मात्र ६० वॅट आरएमएसचे आहेत, म्हणून मी लहान आकडा धरला: ६० गुणिले ४ म्हणजे २४०, त्याचे वर्गमूळ सुमारे १५.५. वूफर, म्हणजे खालच्या स्वरांचा मोठा स्पीकर, २५० वॅटचा आणि ४ ओहमचा, म्हणून त्याच्यासाठी ३१.६ व्होल्ट. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले 'मॅक्स' किंवा 'पीक' वॅट या हिशेबात कधीही धरू नयेत, फक्त आरएमएस धरावे.

स्पीकरच्या वायरी ॲम्पवरून काढल्या, त्यांची टोके एकमेकांना लागणार नाहीत अशी वेगळी केली, सगळे इक्वलायझर सपाट केले, लाउडनेस बंद केला, ॲम्पवरचा बेस बूस्ट शून्यावर आणला आणि पेन ड्राइव्हवरून ० डीबीचा (डिजिटल फाइलमधल्या कमाल पातळीचा) टेस्ट टोन, म्हणजे एकाच स्वराचा सलग आवाज, लावला. बहुतेक ठिकाणी यासाठी १००० हर्ट्झचा टोन सुचवला जातो, पण स्वस्त मल्टिमीटरचे एसी व्होल्ट साधारण ४०० हर्ट्झपर्यंतच भरवशाचे असतात. त्यापुढे तो कमी आकडा दाखवू शकतो आणि आपण विश्वासाने गेन जास्त ठेवून बसतो. म्हणून पुढच्या स्पीकरसाठी मी ४०० हर्ट्झ आणि वूफरसाठी ५० हर्ट्झ वापरले. दुकानाने ठेवलेल्या गेनवर, स्टिरिओचा आवाज ४० पैकी २५ असताना, मीटरने २१ व्होल्ट दाखवले. ४ ओहमवर हा हिशेब ११० वॅटांचा होतो, आणि माझा ॲम्प ७५ चा, स्पीकर ६० चे! नॉब घड्याळातल्या दोनच्या काट्याइतका फिरवलेला होता. मी तो नऊच्या आसपास आणला, स्टिरिओचा आवाज ३२ वर नेला आणि टर्मिनलवर १५.५ व्होल्ट मिळवले.

इथे काम संपायला हवे होते. ते संपले नाही आणि माझा सर्वांत जास्त वेळ व संयम खर्च झाला तो यापुढेच. आता ॲम्प त्याच्या मर्यादेत होता, ट्वीटर गरम होत नव्हता, तरीही स्टिरिओ २७-२८ च्या पुढे गेला की बासरीचा स्वर खरखरीत होई. बासरी मुद्दाम निवडली होती, कारण तिचा स्वर गोल लहरीच्या बराच जवळ असतो आणि त्यात थोडीशी भर पडली तरी कानाला लगेच खुपते. झांजा, ढोल किंवा रॉक गिटारमध्ये तेवढेच फाटणे सहज लपून जाते. दुकानात चाचणीसाठी नेमकी तसलीच गाणी का लावतात, हे मला तेव्हा कळले.

मल्टिमीटर फक्त व्होल्ट सांगतो, लहरीचा आकार सांगत नाही. आकार पाहायचा तर ऑसिलोस्कोप लागतो. ऐरोलीला राहणारा माझा मावसभाऊ कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा सांभाळतो. तो एका रविवारी आपला बॅटरीवर चालणारा लहान स्कोप घेऊन आला. बॅटरीवरचाच हवा, कारण काही ॲम्पचे स्पीकरचे निगेटिव्ह टर्मिनल गाडीच्या ग्राउंडशी (बॅटरीचे निगेटिव्ह जोडलेल्या पत्र्याशी) जोडलेले नसते आणि घरच्या सॉकेटवर चालणारा स्कोप लावला तर ॲम्पलाच धोका होऊ शकतो. त्याने ॲम्पला हात लावण्याआधी आरसीए केबल ॲम्पमधून काढली आणि प्रोब थेट त्या केबलच्या टोकाला लावला. "दादा, पाणी कुठून गढूळ येतंय ते आधी बघू," तो म्हणाला. आवाज २० वर होता तेव्हा पडद्यावर गोल, डौलदार लहर होती. २५, २६ पर्यंत ती फक्त उंच होत गेली. २७ वर माथा किंचित दबला, आणि ३० वर डोंगराच्या जागी चक्क पठार झाले होते. म्हणजे ॲम्प निर्दोष होता आणि फाटलेला सिग्नल त्याच्याकडे स्टिरिओतूनच येत होता. ॲम्पवरचा गेन कितीही कमी केला असता, तरी कापलेला माथा परत गोल झाला नसता.

इक्वलायझर तर सपाट होते. मग माथा का कापला जातो? भावाने स्टिरिओचा सगळा मेनू धुंडाळला आणि 'फॅक्टरी सेटिंग'पाशी अडकला, कारण तिथे पासवर्ड होता. अँड्रॉइडवर चालणाऱ्या अनेक स्टिरिओंत रेडिओ, ब्लूटूथ, यूएसबी अशा प्रत्येक स्रोताची पातळी वेगवेगळी वाढवण्याची सोय याच कुलपाआड असते आणि आमचा संशय तिथेच होता.

पासवर्डसाठी मी दुकानाला फोन केला. उत्तर मिळाले, "साहेब, ते आमचं सेटिंग आहे. त्यात हात घातलात तर वॉरंटी जाईल." मी प्रत्यक्ष गेलो, तेव्हा ज्याला पासवर्ड माहीत आहे तो माणूस बाहेर साइटवर गेलेला होता. पुन्हा गेलो, तर गर्दी होती आणि "थोडं थांबा" म्हणत दुपार टळली. माझ्या मालकीच्या, पूर्ण पैसे मोजलेल्या वस्तूच्या एका पडद्यापुढे मला उभे करून ठेवण्याचा हा प्रकार होता आणि आजही तो आठवला की माझा पारा चढतो. एकाने तर समजूत घातली की ३२ कशाला हवे, २५ वर ऐका. शेवटी मी स्कोपवरच्या दोन्ही लहरींचे फोटो त्यांच्या मालकाला दाखवले, २६ वरचा आणि ३० वरचा. त्याने ते नीट पाहिले. मग जे खरे कारण होते ते त्याने सरळ सांगितले, आणि त्या सरळपणाबद्दल मी त्याचा आदरच करतो: गिऱ्हाईक गाडीत बसते, आवाज दहावर नेते आणि दहावरच गाडी हादरली तर खूश होऊन पैसे देते, म्हणून स्टिरिओतली पातळीही वाढवून ठेवतात आणि गेनही. पासवर्ड त्याने तिथल्या तिथे व्हॉट्सॲपवर पाठवला.

घरी येऊन तो पडदा उघडला. यूएसबीची पातळी तिच्या मूळ आकड्यापेक्षा बरीच वर नेलेली होती, ब्लूटूथची त्याहूनही वर. डीबीच्या (डेसिबलच्या) हिशेबात ६ डीबी वाढ म्हणजे व्होल्टेज दुप्पट आणि शक्ती चौपट, त्यामुळे अशी वरवर नगण्य दिसणारी वाढ स्टिरिओच्या आतल्या आतच माथा कापून टाकते. दोन्ही पातळ्या मूळ जागी आणल्या, स्कोप पुन्हा लावला आणि लहर ३४ पर्यंत गोल राहिली. थोडी सवड ठेवून ३२ हीच वरची मर्यादा धरली. त्या ठिकाणी आरसीएवर ३ व्होल्टच्या थोडे वर मिळत होते, स्टिरिओच्या खोक्यावर मात्र ४ व्होल्ट छापलेले आहेत. सिग्नल आधीपेक्षा कमी झाल्यामुळे गेन पुन्हा किंचित वाढवून १५.५ व्होल्टवर जुळवावा लागला आणि वूफरचे ३१.६ व्होल्टही नव्याने मोजून घेतले. मग बासरी लावली. ती अखेरपर्यंत स्वच्छ वाजली, आणि इतक्या दिवसांनंतर गाडीत पहिल्यांदाच पखवाजाची आस ऐकू आली. त्या क्षणी झालेला आनंद कोणत्याही महागड्या स्पीकरने दिला नसता.

हे करू इच्छिणाऱ्यांसाठी राहून गेलेल्या काही गोष्टी सांगतो. मोजताना इंजिन चालू असावे, कारण इंजिन बंद असताना बॅटरी साधारण १२.६ व्होल्टवर असते, तर अल्टरनेटर चालू असताना १३.८ ते १४.४ मिळतात आणि बऱ्याच ॲम्पची ताकद त्यावर अवलंबून असते. मात्र सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून कधीही बसू नये, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेततो. मी गाडी मोकळ्या मैदानाशेजारी नेली होती. शेजाऱ्यांची चिंता करण्याचे कारण नाही, कारण स्पीकर काढलेले असल्याने टेस्ट टोन कोणालाच ऐकू येत नाही. टोन मोबाइलवरून ब्लूटूथने वाजवायचा असेल तर मोबाइलचा आवाज पूर्ण ठेवावा आणि त्यातला इक्वलायझर बंद करावा, पण पेन ड्राइव्हच बरा.

दोन गाण्यांमधल्या शांततेत जो 'स्स्स' ऐकू येई, तो गेन खाली आल्यावर जवळजवळ नाहीसा झाला. ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी शीळ ही वेगळी तक्रार आहे. ती बहुधा कच्च्या ग्राउंडची असते, आणि ॲम्पची ग्राउंड वायर रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट बसवली की बऱ्याचदा जाते. वूफरसाठी डॅशबोर्डवर वेगळा नॉब असेल तर मोजताना तो पूर्ण वर ठेवावा, म्हणजे नंतर कोणी फिरवला तरी तो मर्यादेच्या खालीच राहील. ज्यांच्या गाडीत कंपनीचाच स्टिरिओ आहे आणि स्पीकरच्या वायरीवरूनच ॲम्पला सिग्नल दिला आहे, त्यांनी तर स्टिरिओ कुठे फाटतो हे सर्वांत आधी पाहावे, कारण अशा स्टिरिओंतला ॲम्प लहान असतो आणि वरच्या टप्प्यात लवकर हात टेकतो.

दुकानात पैसे चुकते करण्यापूर्वी फॅक्टरी सेटिंगचा पासवर्ड बिलावर लिहून घ्यावा, आणि गेन कोणत्या आवाजावर किती व्होल्टांना ठेवला आहे तेही लिहून मागावे. मी माझे आकडे एका चिठ्ठीवर लिहून ॲम्पच्या बाजूला चिकटवले आहेत आणि गेनच्या नॉबवर पारदर्शक टेप लावली आहे. स्टिरिओ बदलला तर मात्र ती चिठ्ठी फाडून सगळे पुन्हा मोजावे लागेल, कारण नव्या स्टिरिओचे व्होल्ट वेगळे असतील.