आमची वाटचाल : मखरातून गुहेत

आमचा मूळ धंदा गणपतीच्या सजावटीचा. वडिलांच्या वेळेपासून थर्माकोलची मखरं, कमानी, महिरपी. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि आम्ही पुठ्ठा अन् कागदाच्या लगद्याकडे वळलो. मखरं खपत राहिली, पण हंगाम दोन-तीन महिन्यांचा. बाकीचं वर्ष कारागिरांना काय काम द्यायचं, ही डोकेदुखी जुनीच.

वाट दाखवली धाकट्या भावाने. तो आणि त्याचे मित्र टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळतात. इंच मोजून चाल करायची, फासे टाकून कोण पडलं ते ठरवायचं. सैनिक जेमतेम २८ मिलिमीटर उंच, सुंदर रंगवलेले. आणि त्यांची रणभूमी म्हणजे पुस्तकांचे गठ्ठे. तो म्हणाला, "दादा, एवढी मखरं करतोस, एक गुहा कर की."

मखर समोरून बघतात, मागची चिकटपट्टी कोणाला दिसत नाही. गुहेभोवती मात्र खेळणारे चौघं चारी बाजूंनी उभे, आणि बघणार वरून. शिवाय सैनिक हलवायला हात आत गेला पाहिजे. म्हणून आमच्या गुहेला छत नसतं. गिऱ्हाईक हमखास मागतं, फोटोत झकास दिसतं म्हणून. आम्ही सरळ नाही म्हणतो. भिंत दोन इंच उंच, वाट तीन इंच रुंद. २५ मिलिमीटरच्या चकत्यांवरचे दोन सैनिक शेजारी मावतात आणि बोटांना जागा उरते.

माल सगळा रद्दीतला. भुर्जीच्या गाडीवरून अंड्यांचे ट्रे, किराणा दुकानातून खोकी. ट्रे कात्रीने कधीच कापायचे नाहीत. हाताने फाडले की कडेला जो खरबरीतपणा येतो तोच दगडाचा. हे तुकडे खोक्याच्या भिंतीवर एकावर एक चढवत चिकटवायचे, फटींत लगदा भरायचा. फेव्हिकॉल फक्त सांध्यांना, बाकी सगळं मैद्याच्या खळीवर. खळीत चिमूटभर मोरचूद, नाहीतर बुरशी आणि झुरळं दोन्ही येतात. मोरचूद विषारी, त्यामुळे ते पातेलं परत स्वयंपाकघरात जात नाही, ही आईची सक्त ताकीद. तळाचा पुठ्ठा एकाच बाजूने ओला झाला तर सुकताना धनुष्यासारखा वाकतो. म्हणून खालूनही कागद डकवून वजनाखाली ठेवतो. पावसाळ्यात हे काम जवळपास थांबतंच, पण तेव्हा मखरांची घाई असते.

रंग आधी काळा, सगळीकडे, खाचांतसुद्धा. मग जवळजवळ कोरड्या ब्रशने राखाडी, नुसता वरच्या उंचवट्यांवर फिरवत. या टप्प्यावर ट्रे ट्रे राहत नाही. नवीन मुलांना मी हेच आधी दाखवतो, म्हणजे लगद्याचा कंटाळा करत नाहीत.

लवणस्तंभांवरून, म्हणजे ठिबकत्या पाण्यातला चुना साचून गुहेत होणाऱ्या सुळक्यांवरून, आमच्यात वाद होता. सह्याद्रीच्या काळ्या कातळात ते होत नाहीत. ते चुनखडीचं काम, बस्तरमधल्या कुटुमसरला किंवा आंध्रातल्या बोरा गुहांत दिसतं तसं. आता दोन प्रकार ठेवलेत. काळी घळ साधी, सपाट थरांची. चुनखडीची गुहा पिवळट, तिच्यात ट्रेचे उंचवटे सुळक्यांसारखे उभे करून वरून ग्लू गनचे ओघळ सोडतो. खप दुसरीचा जास्त. मला पहिली आवडते.

किमतीवरून घासाघीस ठरलेली. "रद्दीचंच तर आहे!" आहेच. पैसे फाडायचे, डकवायचे आणि रंगवायचे घेतो, हे एकदा सांगतो, दुसऱ्यांदा नाही.

खरा खर्च कुरियरचा निघाला. खोकं ६० बाय ४० बाय ३० सेंटिमीटर. आत माल दोन किलोसुद्धा नाही, पण आकारमानाला ५००० ने भागून वजन धरतात, म्हणजे १४.४ किलोचे पैसे. तेव्हापासून मोठे वळणदार तुकडे बंद. आता प्रत्येक भिंत सुटी, सपाट तळाची. दोन भिंती पाठीला पाठ लावून बसतात आणि तेवढाच माल निम्म्या उंचीच्या खोक्यात जातो. बेंगळुरूच्या गिऱ्हाइकांची पार्सलं आता याच खोक्यातून जातात.