टक्का मोजायला बसले तेव्हा

कुलगुरूंच्या सहीचं पत्र हातात आलं तेव्हा मला आधी हसूच आलं. विद्यापीठातल्या महिलांची स्थिती आणि प्रतिनिधित्व तपासायला समिती नेमली होती आणि सदस्य सचिव मी होते. सदस्य सचिव म्हणजे इतिवृत्त लिहिणारी. शिवाय मी संख्याशास्त्र शिकवते, तेव्हा "आकड्यांचं तुम्हीच बघा, मॅडम" हेही ओघानं आलं. मला वाटलं, महिनाभराचं काम. आस्थापना विभागाकडून यादी घ्यायची, स्त्रिया मोजायच्या, टक्का काढायचा. सव्वा वर्ष गेलं.

पहिला खोडा यादीतच होता. आस्थापना विभागाने दिलेल्या यादीत फक्त कायम शिक्षक. कंत्राटी आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक कुठे आहेत म्हणून विचारलं, तर उत्तर आलं, "ते आमच्याकडे येत नाहीत, त्यांची बिलं लेखा विभागात निघतात." लेखा विभागाच्या यादीत नुसती आद्याक्षरं आणि आडनावं, लिंगाचा रकाना होता, पण कोरा. नावावरून अंदाज बांधायचा मोह झाला, पण आद्याक्षरांवरून काय अंदाज बांधणार? शेवटी विभागाविभागांत अर्ज पाठवून माहिती भरून घेतली.

दोन्ही याद्या एकत्र केल्या आणि महिलांचा टक्का चांगलाच वर गेला. बैठकीत सगळ्यांचे चेहरे खुलले. मी कायम आणि हंगामी असे दोन स्तंभ वेगळे करून दाखवले तेव्हा कळलं, वाढ सगळी हंगामी बाजूची होती. ज्या कामाला पुढच्या सत्राची खात्री नाही, तिथे आम्ही भरपूर होतो. तेव्हापासून मी एकत्रित टक्का कुणालाही एकटा देत नाही.

मग "थोडं थांबा" हा युक्तिवाद आला. वर्गात आता मुलीच जास्त दिसतात, वीस वर्षांत प्राध्यापकही त्याच होतील, असं एक ज्येष्ठ सदस्य प्रत्येक बैठकीत म्हणत. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या विज्ञान शाखेतल्या महिला शिक्षकांबद्दलचा 1999 सालचा अहवाल मी त्यांच्यापुढे ठेवला. तिथे 1994 मध्ये महिला शिक्षकांचं प्रमाण 8 टक्के होतं आणि त्याआधीची किमान दहा वर्षं ते फारसं हललंच नव्हतं. थांबून आपोआप काही होत असतं तर एवढ्यात थोडं तरी झालं असतं. आम्ही मग सेवापुस्तिका काढल्या आणि एकाच वर्षी रुजू झालेल्यांचे गट करून कोण कधी वरच्या पदावर गेलं ते पाहिलं. कंटाळवाणं काम, पण सगळ्यात कामाचं तेच ठरलं. एकूण टक्क्यातून नुसतं दिसतं की वर स्त्रिया कमी आहेत. गट केले की त्या नेमक्या कुठल्या पायरीवर थांबल्या ते कळतं. आमच्याकडे ती पायरी सहयोगी प्राध्यापकाची, म्हणजे प्राध्यापक होण्याच्या अगदी आधीची होती.

उलट्या बाजूचा सापळाही होता. एक सहकारी पीएचडी प्रवेशाचे एकत्रित आकडे पाहून थेट "भेदभाव" लिहायला निघाले होते. मी त्यांना अमेरिकेतल्या बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची गोष्ट सांगितली. 1973 साली तिथल्या पदव्युत्तर प्रवेशांत अर्ज केलेल्या पुरुषांपैकी सुमारे 44 टक्क्यांना, तर स्त्रियांपैकी 35 टक्क्यांना प्रवेश मिळाल्याचं दिसलं. विभागवार पाहिल्यावर ही तफावत जवळपास नाहीशी झाली, कारण जिथे सगळ्यांनाच प्रवेश मिळणं अवघड, अशाच विभागांत स्त्रियांचे अर्ज जास्त होते. आमच्याकडेही बरंचसं तसंच निघालं. पण म्हणून सगळं आलबेल आहे असं मी लिहू दिलं नाही. मुली जिथे गर्दी करतात त्याच विभागांत जागा आणि मार्गदर्शक कमी का, हा प्रश्न उरतोच.

समित्यांची यादी तपासली त्या दुपारी मी टेबलावर सगळे नियुक्ती-आदेश पसरले आणि पिवळ्या पेनानं महिला सदस्यांची नावं रंगवत गेले. प्रत्येक कागदावर पिवळी रेघ! वा, म्हटलं. मग नावं वाचली. नऊ कागदांवर एकच नाव होतं. "किमान एक महिला सदस्य" ही अट पाळायला सगळ्यांना त्याच मॅडम आठवत होत्या, कारण विज्ञान शाखेत प्राध्यापक पदावर त्या एकट्याच. सांस्कृतिक, स्वागत, तक्रार निवारण, वसतिगृह... खरेदी आणि बांधकाम समितीत मात्र त्यांचं नाव नव्हतं. मी त्यांना भेटले तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "बसते ना मी बैठकांना. फक्त माझा शेवटचा शोधनिबंध कधी आला ते विचारू नकोस."

एमआयटीतल्या जीवशास्त्राच्या प्राध्यापक नॅन्सी हॉपकिन्स यांनी स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी जागा मिळते हे दाखवायला टेप घेऊन प्रयोगशाळांची जागा मोजली होती, म्हणून आम्हीही टेप आणली. लोक हसले. खरं सांगायचं तर क्षेत्रफळात फारसा फरक निघाला नाही. फरक कुठली खोली कुणाला मिळाली यात होता, आणि ते टेपेत मावत नव्हतं.

सर्वेक्षणात चूक माझी झाली. "नाव गुप्त राहील" असं प्रश्नावलीवर ठळक छापलं होतं आणि मसुद्यात मी विभागवार तक्ता दिला. एका विभागात महिला शिक्षक एकच. तिच्यापुढे "असमाधानी : 1". मसुदा वाटला त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. ती रागावली नाही, फक्त म्हणाली, "उद्या मला विभागप्रमुखांसमोर बसायचंय." आम्ही प्रती परत मागवल्या, पाचपेक्षा कमी माणसं असतील तिथे विभाग एकत्र केले. पण ज्यांनी वाचायचं होतं त्यांनी वाचलं होतं. संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाला मीच हे शिकवते.

अहवाल व्यवस्थापन परिषदेत गेला आणि "नोंद घेण्यात आली". एका व्यक्तीला तीनपेक्षा जास्त समित्या नकोत, ही शिफारस मान्य झाली. सहयोगी प्राध्यापकांच्या पदोन्नतीबद्दलची "पुढील विचारार्थ" ठेवली आहे. आकडे दरवर्षी गोळा करायचे, हेही मान्य झालं. यंदाची यादी गेल्या आठवड्यात आली. कायम आणि हंगामी एकाच फाइलमध्ये आहेत, लिंगाचा रकाना भरलेला आहे. नावांच्या जागी आद्याक्षरं मात्र तशीच.