लॅपटॉपवरून इन्स्टाला फोटो, पण पासवर्ड मागणारं सॉफ्टवेअर नको

सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे कॅमेऱ्यात टिपायचे, लॅपटॉपवर रंग नीट करायचे आणि मग तेच फोटो व्हॉट्सॲपने मोबाईलवर पाठवून इन्स्टाग्रामला चढवायचे. यात फोटो दोनदा दाबला जातो, म्हणजे त्याचा आकार कमी करताना बारकावे गळतात, आणि घोड्याच्या आयाळीचा केसन् केस होता तिथे लगदा दिसतो. हे टाळायला बरेच जण कुठलंतरी 'इन्स्टा अपलोडर' कॉम्प्युटरवर टाकून बसतात.

एकेकाळी त्याला इलाज नव्हता. इन्स्टाग्राम आलं २०१० साली, आणि कॉम्प्युटरच्या ब्राउझरवरून सगळ्यांना पोस्ट टाकता यायला ऑक्टोबर २०२१ उजाडलं. तोवर विंडोजवर ग्रॅम्बलर, मॅकवर फ्लूम अशी परकी ॲपं लोकांची अडचण भागवायची. आता ती गरजच उरली नाही.

अशी ॲपं सर्व्हरला 'मी मोबाईलच आहे' असं भासवतात. इन्स्टाने आतली रचना बदलली की ती अडतात. काही तर तुमचा पासवर्ड स्वतःच्या सर्व्हरवर नेऊन तिथून लॉगिन करतात. मग खातेदार भुसावळात आणि लॉगिन परदेशातून, असं चित्र दिसतं. संशय येऊन खातं अडकतं, कोड मागितला जातो. त्यात लाइक-फॉलो वाढवायची सोय जोडलेली असेल तर कमेंट, फॉलो काही काळ बंद. 'आधी अँटिव्हायरस बंद करा' म्हणणाऱ्या ॲपबद्दल तर बोलायलाच नको.

ओळखायची खूण सोपी आहे. अधिकृत सोय असेल तर परवानगीचं पान इन्स्टाग्राम किंवा फेसबुकच्या स्वतःच्या साइटवर उघडतं. ॲपने आपल्याच चौकटीत पासवर्ड मागितला, की तिथेच थांबा.

आधीच दिला असेल तर पहिल्यांदा ते सॉफ्टवेअर काढा. पासवर्ड मात्र मोबाईलवरून बदला, त्याच कॉम्प्युटरवरून नको. तिथे काही लपून बसलं असेल तर नवा पासवर्डही जाईल. मग इन्स्टाच्या सेटिंग्जमधल्या अकाउंट्स सेंटरमध्ये 'पासवर्ड आणि सुरक्षा'त जाऊन कुठे कुठे लॉगिन आहे ते पाहा, अनोळखी सगळी काढा, टू-फॅक्टर (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) सुरू करा, त्याचे बॅकअप कोड नवे घ्या. सेटिंग्जमधली 'ॲप्स आणि वेबसाइट्स'ची यादी रिकामी दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. तिथे परवानगी घेऊन जोडलेलीच ॲपं दिसतात, पासवर्ड घेऊन शिरलेली नाहीत.

आता फोटो. उभ्या फोटोसाठी १०८० × १३५० पिक्सेल, जेपीईजी, रंग एसआरजीबी (मोबाईल आणि वेबवर चालणारी रंगांची नेहमीची पद्धत). कॅमेऱ्यातून ॲडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगपद्धतीत आलेला फोटो न बदलता टाकला, तर बामणोदच्या भरताच्या वांग्याचा हिरवा मोबाईलवर विटका दिसू शकतो. ब्राउझरमध्ये इन्स्टाग्राम उघडा, 'क्रिएट' दाबा, फोटो ओढून टाका. इथे बहुतेकांची फसगत होते: फोटो आपोआप चौकोनी कापला जातो. घोड्याचे कान किंवा खूर गेलेच म्हणायचं. खाली डावीकडे कापण्याचं छोटं चिन्ह आहे, त्यात 'ओरिजिनल' किंवा ४:५ निवडा आणि मगच पुढे जा. एका पोस्टमध्ये अनेक फोटो असतील तर पहिल्या फोटोचं माप सगळ्यांना लागतं, म्हणून आडवे-उभे एकत्र टाकू नका.

वेळ लावून पोस्ट टाकायची असेल तर खातं बिझनेस किंवा क्रिएटर करून इन्स्टाग्रामच्याच मेटा कंपनीचं मेटा बिझनेस सूट वापरा. फुकट आहे, आणि स्टोरीही तिथून जाते.