ढीगभर मराठी टेक्स्ट फाइली आणि पायथनचं फाइलइनपुट

वाचनालयाची पुस्तकांची यादी साफ करायचं काम माझ्याकडे आलं. सगळ्या साध्या टेक्स्ट फाइली, एका ओळीत एक पुस्तक, पण टाइप केलेलं दहा जणांनी दहा कीबोर्डवरून. शोधात 'दऱ्या' टाकलं की काही पुस्तकं यायची, काही यायचीच नाहीत. पाहिलं तर 'ऱ्य' दोन प्रकारे लिहिलेला, कुठे ऱ ला हलंत जोडून तर कुठे साधा र, हलंत आणि मागे झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह. डोळ्यांना दोन्ही सेम, कॉम्प्युटरला वेगळे.

मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं फाइलइनपुट मॉड्यूल, म्हणजे तयार कोडचा संच, घेतलं. पायथनसोबतच येतं, वेगळं इन्स्टॉल करायला नको. सगळ्या फाइलींची नावं दिली की एकामागून एक उघडतं आणि फॉर लूपमध्ये एकेक ओळ हातात देतं, त्यामुळे फाइल कितीही मोठी असो, मेमरीत अख्खी येत नाही. सगळ्यात भारी म्हणजे चालू फाइलचं नाव आणि त्या फाइलमधला ओळ नंबर तेच सांगतं, आपण मोजत बसायचं नाही.

आधी फाइलींना हात न लावता फक्त कुठे काय बिघडलंय ते छापून घेतलं. मग इनप्लेस ट्रू दिलं, म्हणजे त्याच फाइलमध्ये बदल करायचा पर्याय. यात प्रिंट केलेलं स्क्रीनवर न जाता थेट त्याच फाइलमध्ये जातं, म्हणून स्वतःसाठीचे मेसेज एसटीडीइआरआरवरच (चुकांच्या मेसेजचा वेगळा मार्ग) पाठवायचे, नाहीतर तेही यादीत जाऊन बसतील. ओळीच्या शेवटी न्यूलाइन आधीच असते, म्हणून प्रिंटला एंड रिकामा द्यायचा, म्हणजे ते आणखी एक जोडत नाही. आणि बॅकअपचं एक्स्टेन्शन द्याच द्या, दिलं नाही तर काम संपल्यावर जुनी प्रत उडते.

विंडोजवर एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ आहे हे स्वतः सांगावं लागतं. ती सोय या मॉड्यूलमध्ये पायथन ३.१० पासून आहे, त्याआधी ओपनहुक (फाइल कशी उघडायची ते सांगणारं फंक्शन) वापरायचे पण तो इनप्लेससोबत चालतच नाही, तेव्हा पायथन जुनं असेल तर आधी अपडेट करा.

जॉइनर सरसकट उडवू नका हं, अर्धं अक्षर मुद्दाम दाखवायला तो लागतो. मी फक्त र, हलंत, जॉइनर हा तुकडाच बदलला.

ज्या ओळींत अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उरलीत तिथली अक्षरं कुठल्याच कोडने परत येत नाहीत. त्यांची फाइल आणि ओळ नंबरसकट यादी काढून दिली, आता ग्रंथपाल काका जुन्या रजिस्टरमध्ये बघून ती नावं भरतायत.