चुंबळ, खुळखुळा आणि टनांची वही

२०२३ साली दिवाळी उशिरा होती आणि साखर कारखान्यांची धुराडी लवकर पेटणार होती. लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला, गाळप हंगाम मात्र १ नोव्हेंबरपासून. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातल्या आमच्या गावाला या दोन तारखा कळल्या की पुढचं सांगावं लागत नाही. दारात आकाशकंदील लागेल तेव्हा घरात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं असतील, बाकीचे सांगली-कोल्हापूरच्या नाहीतर बेळगावकडच्या फडात ऊस तोडायला. मुकादमाची, म्हणजे तोडणीची टोळी नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) उन्हाळ्यातच घेऊन झालेली असते. तो गाडी लावील त्या दिवशी निघायचं.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंतची. वरचे तीन वर्ग माझ्याकडे आणि कार्यानुभवाचा तासही माझ्याकडेच. दिवाळीच्या सुट्टीआधी या तासाला मुलं घरच्यांसाठी काहीतरी बनवतात. शुभेच्छापत्रं, रंगवलेल्या पणत्या, उटण्याच्या पुड्या असं नेहमीचंच. त्या वर्षी सुट्टीपर्यंत थांबलो असतो तर भेट द्यायला समोर माणूसच उरला नसता. म्हणून दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी वर्गात विषय काढला. कोणाला काय द्यायचं ते तुम्ही सांगा, म्हटलं, मग सामान गोळा करू.

पहिला आवाज आला तो पणतीचा. लगेच मागच्या ओळीतून दुसरा आला, "कोपीत पणती लावत नसतेत सर. पाचट पेटतंय."

बोलणारा मुलगा आदल्या हंगामापर्यंत आईवडिलांबरोबर फडावर जात होता. कोपी म्हणजे बांबूच्या कमानींवर पाचट (उसाची वाळलेली पानं), चटया, ताडपत्री टाकून केलेलं खोपटं. आत उभंही राहता येत नाही, आणि शेजारची कोपी हातभर अंतरावर. मग त्यानेच फळ्यावर मधोमध रेघ मारायला लावली. एका बाजूला 'जाणारे', दुसऱ्या बाजूला 'राहणारे'. पणत्या, कंदील, उटणं सगळं राहणाऱ्यांकडे गेलं. जाणाऱ्यांच्या बाजूला बराच वेळ काहीच पडेना. तिथे नेता येईल असं पाहिजे, भिजलं तरी चालेल असं पाहिजे, आणि जागा खाणारं नको, कारण ट्रॉलीत भांडी, पत्र्याची पेटी, धान्य, पाण्याचे ड्रम आणि माणसं एवढं सगळं बसवायचं असतं.

ऐन दिवाळीत मोबाईलवर भेटवस्तूंचे व्हिडिओ धो धो येतात. आइस्क्रीमच्या काड्यांची फोटोफ्रेम, चमकीची फुलदाणी, थर्माकोलचा ताजमहाल. थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, पण व्हिडिओवाल्यांना त्याचं काय. अशा वस्तूचा फोटो मात्र छान येतो, हे मान्य. आमच्या शिक्षकांच्या गटावर कंदिलाच्या फोटोला अंगठेच अंगठे येतात. चुंबळीचा फोटो टाकला तेव्हा एकाने विचारलं, हे काय आहे?

चुंबळ म्हणजे ओझ्याखाली डोक्यावर ठेवायची कापडाची गोल गुंडाळी. ती पाचवीतल्या एका मुलाला सुचली. त्याची आई डोकी सेंटरला जाते. म्हणजे उसाची मोळी डोक्यावर घेऊन फडातून रस्त्यापर्यंत चालायचं आणि लावलेल्या फळीवरून चढून ट्रकवर टाकायची. मोळी चाळीस किलोपर्यंतही जाते. बायका फडकं पिळून डोक्यावर ठेवतात, ते दर खेपेला सुटतं, पुन्हा पिळायचं. "शिवलेली असली तर सुटणार नाही," एवढंच तो म्हणाला.

मला चुंबळ करता येत नव्हती, म्हणून त्याच्या आजीला शाळेत बोलावलं. ती आली आणि तिने आधी कापडच नापास केलं. शिंप्याकडून आणलेल्या चिंध्या टेरिकॉटच्या होत्या, केसांवरून घसरतात म्हणाली. घरी जाऊन स्वतःचं जुनं सुती लुगडं घेऊन आली. आत सुतळीचं वेटोळं, त्यावर लुगड्याच्या पट्ट्या घट्ट गुंडाळायच्या, मधलं भोक फार मोठं ठेवायचं नाही, आणि दाभणाने टाके आतल्या बाजूने घालायचे. मी एक टाका बाहेरून घातला तर म्हणाली, "गुरुजी, हा केसात गुतंल. दिवसभर उपटत बसायचं का तिनं?" वर्गातली पोरं खूश. लमाण तांड्यावरच्या एका मुलीने सांगितलं, आमच्या पणजीच्या चुंबळीला कवड्या आहेत. मग पाचवीतल्यालाही कवड्या हव्याशा वाटल्या. आजी म्हणाली, "कवड्या पाण्याच्या घागरीला. उसाला कशाला?" विषय संपला.

बाकीच्या वस्तूही अशाच, कुणाला तरी नेमक्या लागणाऱ्या. एकीचा आठ महिन्यांचा भाऊ आईच्या कडेवर फडात जाणार होता. तिने औषधाच्या रिकाम्या बाटलीत चिंचोके घालून खुळखुळा केला. त्याचं झाकण मी ओढून, आपटून, पायाखाली दाबून पाहिलं आणि वरून चिकटपट्टीचे वेढे मारायला लावले, कारण चिंचोका बाळाच्या घशात गेला तर फडात दवाखाना जवळ नसतो. तिने झोळीवर टांगायला चिंध्यांच्या चिमण्यांचं चिमणाळंही केलं. एकाने आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी दोन कप्प्यांची पिशवी शिवली. एका कप्प्यावर सूर्य, दुसऱ्यावर चंद्र. त्याच्या शेजारणीने वाचता न येणाऱ्या आजीसाठी फोनवही काढली. आकडे मोठे आणि नावाच्या जागी चित्र. वडिलांना मिशा, मामाला ट्रॅक्टर, शाळेला झेंडा, १०८ ला लाल दिव्याची गाडी. मुकादमाच्या नंबरापुढे फक्त मोटारसायकल होती. माणूस का नाही काढला विचारलं तर म्हणाली, "आजी त्याला गाडीवरूनच वळखती."

एका मुलीच्या घरी राहणारं कुणीच नव्हतं. ती स्वतःच जाणार होती. हंगामी वसतिगृहात पोराला दोन वेळचं जेवण मिळतं, पण रात्री झोपायला नात्यातलं घर लागतं, आणि ते तिला नव्हतं. तिचं शिक्षण हमी कार्ड मी भरून ठेवलं होतं, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत बसता येईल. तिने एकच पणती रंगवली आणि शेजारच्या चुलत आजीला दिली, आमच्या कुलपाच्या घरापुढं लाव म्हणून.

वहीचं मात्र जरा सविस्तर सांगायला हवं.

सातवीतल्या एका मुलीने वडिलांसाठी टनांची वही केली. जुन्या वह्यांतली कोरी पानं, खोक्याचा पुठ्ठा, मधोमध तीन भोकं पाडून दोऱ्याची शिलाई, वर खताच्या गोणीचं वेष्टण, कारण फडातलं दव कागद सोडत नाही. दोरीला पेन्सिल बांधलेली, पेन नाही. ओल्या हाताने पेन पसरतं, हे तिला माझ्यापेक्षा पक्कं माहीत होतं. प्रत्येक पानावर तिने पट्टीने रकाने आखले होते. तारीख, गाडीचे टन, कोयते किती, आपल्या वाट्याला किती, वाढ्याचे (उसाच्या हिरव्या शेंड्यांचे) पैसे, मुकादमाकडून खर्ची.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. वजनकाट्यावर गाडी भरते ती अख्ख्या टोळीची, मग ती जोड्यांत वाटायची. सोळा टनांची गाडी आठ कोयत्यांनी भरली तर प्रत्येकाला दोन टन. या टनांच्या मजुरीतून उचल फिटत जाते, आणि हंगाम संपताना मुकादम सांगतो की फिटली किंवा अजून इतकी अंगावर आहे. ते सांगणं बहुतेक घरांत तोंडी ऐकूनच घेतलं जातं. मुलीने हे कधी कुठे ऐकलं होतं, मी विचारलं नाही. घर एका खोलीचं असतं, पोरं सगळं ऐकतात.

शनिवारी, २८ ऑक्टोबरला, सकाळची शाळा होती. एक टोळी त्याच रात्री निघायची होती, पण कोजागरीलाच खंडग्रास चंद्रग्रहण आलं आणि ग्रहणात प्रवास नको म्हणून गाड्या रविवार सकाळवर गेल्या. मी पंचांग मानणारा माणूस नाही, पण त्या दिवशी ग्रहण मला फार सोयीचं पडलं. आईबाप निवांत शाळेत आले. काहींच्या हातात अजून बांधाबांधीच्या दोऱ्या होत्या.

मुलांनी आपापली वस्तू दिली. भाषणं कुणी केली नाहीत, मीही नाही. पाचवीतल्याच्या आईने चुंबळ हातात घेतली, उलटी केली, टाके बोटाने चाचपले. मग शाळेची पाण्याने भरलेली कळशी उचलायला लावली, चुंबळीवर ठेवली आणि फाटकापर्यंत जाऊन आली. आम्ही सगळे बघत उभे. परत येऊन तिने कळशी उतरवली आणि मुलाला म्हणाली, "उजवीकडं जरा चढ आहे रं."

मुलगा तिथेच ओट्यावर बसला. दाभण काढलं, उजवीकडचा वेढा उसवला, सुतळीचा एक पीळ कमी केला, पुन्हा गुंडाळून शिवला. आई शेजारी बसून दोरा ओढून देत होती. मधेच एक टाका तिने स्वतः घातला. दुसऱ्यांदा कळशी घेऊन ती फाटकापर्यंत गेली ती हात सोडून. शेजारच्या दोघी बायका लगेच त्या मुलाच्या मागे लागल्या, आम्हालाही करून दे म्हणून. लुगडं उरलं नव्हतं, आणि आजी अंगावरचं द्यायला तयार नव्हती.

मुकादमही व्हरांड्यात येऊन टेकला होता. माणूस बोलका आहे, गावात त्याला मानही आहे. सातवीतल्या मुलीच्या वडिलांकडून त्याने वही मागून घेतली, रकान्यांची नावं एकेक करून वाचली आणि माझ्याकडे पाहिलं.

"गुरुजी, हे तुम्ही शिकवलं का?"

"मी भागाकार शिकवला," म्हटलं.

तो हसला आणि वही परत दिली. वडिलांनी ती शर्टाच्या आत, बनियनवर, पोटाशी खोचली. त्यांना जेमतेम अक्षरओळख आहे, पण आकडे लिहिता येतात, आणि वहीला तेवढंच लागणार होतं.

रविवारी सकाळी गाड्या गेल्या. सोमवारी वर्गात पोरं जवळजवळ तेवढीच होती, फक्त डबे कुणाचेच नव्हते. दोन्ही वेळचं जेवण आता हंगामी वसतिगृहातून.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पुण्यातून बातमी आली की तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. टनाला २७३ रुपये होते ते ३६६ च्या घरात गेले. दोन-तीन दिवसांनी मधल्या सुट्टीत मला फोन आला, सातवीतल्या मुलीच्या वडिलांचा. वाढ पहिल्या दिवसापासून धरायची की पुढची, यावर तळावर वाद चालू होता. ते म्हणाले, "सर, ते तिकडं ठरंल तसं ठरंल. आपला फरक किती निघतो तेवढं पोरीला काढायला सांगा. वही माझ्याजवळ आहे, टन वाचतो."

मी फोन स्पीकरवर ठेवला. ते तारखेवार टन वाचत गेले, मुलगी फळ्यावर लिहीत गेली, दोन ठिकाणी तिने त्यांना थांबवलं कारण भागाकार जुळत नव्हता. एका गाडीला कोयते सात होते, ते आठ लिहिले गेले होते. बेरीज शंभर टनांच्या वर गेली. पुस्तकातली उदाहरणं बाजूला ठेवली आणि टनाला ९३ रुपयांनी गुणाकार सगळ्या वर्गाने केला. तिघांची उत्तरं चुकली. वडील पलीकडे धरूनच होते. बरोबर उत्तर कळल्यावर म्हणाले, थांबा, लिहून घेतो, आणि पेन्सिलीला टोक नाही म्हणून कुणाचा तरी कोयता मागितला.