मधली धार

मार्चचा दुसरा आठवडा. माणदेशात या दिवसांत विहिरींचे तळ दिसायला लागतात आणि गावोगावी टँकरची वाट बघणं सुरू होतं. जिल्हा एकच, सातारा. पण महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि आमच्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास, तोही पडला तर. अशा गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. पाण्याचा प्रयोग करायचा म्हटलं की आधी मनात येतं, हे पाणी नंतर कुठे जाणार? म्हणून आमचा नियम आहे: प्रयोगाचं पाणी खाली पडेल ते परातीत, आणि परातीतलं कडीपत्त्याला.

त्या दिवशी आठवीला द्रवाचा दाब शिकवायचा होता. खोली वाढली की दाब वाढतो. फळ्यावर मी नेहमीचं चित्र काढलं: उभं भांडं, त्याला वर-मध्ये-खाली तीन भोकं, वरची धार जवळ पडते, मधली जरा लांब, तळाची सगळ्यांत लांब. हे चित्र मी स्वतः शाळेत असताना वहीत उतरवून घेतलं होतं, आणि शिक्षिका झाल्यापासून चौदा वर्षं फळ्यावर काढत आले होते. प्रयोग दर वर्षी बाटलीवर व्हायचा. बाटलीची भोकं तापलेल्या दाभणाने पाडलेली, वेडीवाकडी, त्यामुळे धारा कशाही पडायच्या. मग मी म्हणायची, "भोकं नीट पडली नाहीत, पण तत्त्व लक्षात ठेवा." आणि पुढे जायची.

यंदा मात्र साहित्य चांगलं जमलं होतं. एका मुलाने शेतातल्या पाइपलाइनचा तीन इंची पीव्हीसीचा ४० सेंटिमीटरचा तुकडा आणला. गावात मोटारी भरून देणाऱ्या दादांनी त्याला ड्रिलने तीन भोकं पाडून दिली, १०, २० आणि ३० सेंटिमीटरवर, एकाच बिटाने. खाली एंड कॅप, गळू नये म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. भोकांत काडेपेटीच्या काड्यांची बुचं. खिचडीच्या खोलीतली मोठी परात आणली, तिच्यात वाळू पसरून हाताने सपाट केली आणि कडेला पाइप उभा केला. धार वाळूवर पडली की खड्डा पडतो आणि तो तसाच राहतो, मोजायला सोपं. ही युक्ती मुलांचीच.

एका मुलीने तांब्याने पाणी ओतत पाइप काठोकाठ भरलेला ठेवायचा, दुसऱ्याने एकेक बूच काढायचं, तिसऱ्याने पट्टी धरायची. आधी वरचं भोक. वाळूत खड्डा पडला ३३ सेंटिमीटरवर. मग मधलं, ३८. मग तळाचं. मी खडू हातात घेऊन उभी होते, आकडा ऐकला की चित्राशेजारी लिहायचा म्हणून.

तळाची धार पडली ती बरोबर पहिल्या खड्ड्यात. ३३.

वर्गात क्षणभर कुणी बोललं नाही. मग तांब्यावाली म्हणाली, "बाई, मधलीच लांब गेली की."

माझ्या तोंडून चौदा वर्षांच्या सवयीने निघून गेलं, "खालच्या भोकात कचरा अडकला असेल. परत करा." परत केलं. ३८ मध्ये, ३३ दोन्हीकडे. मी म्हटलं, भोक लहान पडलं असेल. त्यावर पट्टी धरलेल्या मुलाने जे सुचवलं ते मला सुचायला हवं होतं. तो म्हणाला, "पाइप उलटा करूया की. एंड कॅप दुसऱ्या टोकाला बसवू. मग वरचं भोक खाली येतंय न् खालचं वर जातंय." त्याला नियंत्रित प्रयोग हा शब्द माहीत नव्हता, पण त्याने केलं ते तेच. ट्यूब सोडवली, पाइप उलटा केला, परत भरला.

तेच आकडे. वाळूत दोनच खड्डे, धारा तीन.

आता वर्गातले सगळे डोळे माझ्याकडे. फळ्यावर माझं चित्र, परातीत त्यांची वाळू. घंटा व्हायला वीस मिनिटं होती आणि खरं सांगायचं तर, "वेळ संपत आलाय, पुढचा मुद्दा घेऊ" हे वाक्य जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं आणि विचारलं, "का झालं असेल असं?"

खिडकीजवळ बसणारा एक मुलगा आहे. वर्षभरात त्याने वर्गात आपणहून तोंड उघडलेलं मला आठवत नाही. त्याचे वडील टँकरवर ड्रायव्हर, आणि सुट्टीच्या दिवशी हा त्यांच्याबरोबर गावोगाव जातो. तो उभा राहिला.

"बाई, खालच्या धारेला जोर हाय, पण पडायला जागाच न्हाय."

मी म्हटलं, नीट सांग.

"टँकर रस्त्यावर हुभा असला न् व्हॉल उघडला की धार जवळ पडती. तोच टँकर वरच्या अंगाला चढणीवर हुभा केला की लय लांब जाती. पाणी तेवढंच, व्हॉल तोच. खालच्या भोकाचं पाणी लगेच भुईला लागतंय. वरच्याला जोर न्हाय, पण त्याला खाली यायला टाइम हाय. मधल्याला दोन्ही थोडं थोडं हाय."

मी खडू टेबलावर ठेवला. इतकं स्वच्छ उत्तर मला देता आलं नसतं.

त्याचं म्हणणं तपासायचं तर पाइप उंचावर न्यायला हवा. सगळी वरात व्हरांड्याच्या कट्ट्यावर निघाली. कट्टा जमिनीपासून ९० सेंटिमीटर. खाली अंगणात वाळूची परात पुरेना, म्हणून एकापुढे एक दोन पराती मांडल्या. काठोकाठ पाणी, एकेक बूच. वरची धार ६६ सेंटिमीटरवर, मधली ९० वर, आणि तळाची? ती दुसऱ्या परातीच्या मध्यावर जाऊन थडकली, १०५. मुलांनी जो आरडाओरडा केला त्याने मुख्याध्यापक बाहेर आले.

म्हणजे फळ्यावरचं माझं चित्र उंचावर ठेवलेल्या भांड्याचं होतं, आणि मी भांडं काढत होते जमिनीवर टेकलेलं.

वर्गात परत येऊन आकडेमोड केली. पाणी किती वेगाने बाहेर पडणार हे त्याच्या डोक्यावर किती पाणी आहे यावर ठरतं. गॅलिलिओच्या शेवटच्या दिवसांत त्याच्याजवळ राहिलेल्या टॉरिसेलीने १६४४ साली हे छापून सांगितलं: भोकातून निघणाऱ्या पाण्याचा वेग, पाण्याच्या पृष्ठभागापासून त्या भोकापर्यंत सोडलेल्या दगडाच्या वेगाइतका असतो. आमच्या तळाच्या भोकावर ३० सेंटिमीटर पाणी, म्हणून वेग सेकंदाला सुमारे २.४ मीटर. वरच्या भोकावर १० सेंटिमीटर, वेग १.४ मीटर. पण तळाच्या धारेला खाली पडायला फक्त १० सेंटिमीटर, त्याला लागतात जेमतेम ०.१४ सेकंद; वरच्या धारेला ३० सेंटिमीटर, ०.२५ सेकंद. दोन्हींचा गुणाकार केला की उत्तर सारखंच, ३४-३५ सेंटिमीटर. मधलीचा वेग २, वेळ ०.२, म्हणजे ४०. भोकाच्या कडेला घासून पाणी थोडं मंदावतं, म्हणून आमचे आकडे एक-दोन सेंटिमीटर कमी. मुलांनी हे गणित मान मोडून केलं. प्रश्न त्यांचा होता ना.

तांब्यावाली मात्र अजून समाधानी नव्हती. "मग तळाला दाब जास्त असतो हे खरं की खोटं?" या प्रश्नासाठी मी तिची ऋणी आहे, कारण एवढ्या गडबडीत मूळ धडाच वाहून गेला असता. धार किती लांब पडते त्यावरून दाब ओळखता येत नाही, मग कशावरून ओळखायचा? चर्चेतून निघालं, अर्धा लिटरचं माप किती वेळात भरतं ते बघू. मोबाइलवर वेळ लावली. तळाच्या भोकाने माप भरलं २६ सेकंदांत, मधल्याने ३२, वरच्याने ४५. धार कुठेही पडो, तळाशी पाणी जास्त जोराने ढकललं जातंय, हे घड्याळाने सांगितलं. पाइप परातीत ठेवा नाहीतर कट्ट्यावर, हे आकडे बदलत नाहीत. दोन्हीकडे करून पाहिलं.

घंटा कधीच होऊन गेली होती. पुढचा तास मराठीचा, त्या बाई दारात उभ्या राहून बघत होत्या, त्यांनी आपला तास देऊन टाकला. मी फळा पुसला आणि दोन चित्रं काढली, एक जमिनीवरच्या पाइपचं, एक कट्ट्यावरच्या. इतकी वर्षं जी मुलं माझं जुनं चित्र वहीत घेऊन गेली, त्यांची आठवण आली. त्यांच्यातही कुणाला तरी मधली धार लांब गेलेली दिसली असणार. त्यांना मी सांगितलं होतं, तुमची भोकं नीट पडली नाहीत. ही गोष्ट मला अजून टोचते.

परातीतलं पाणी मुलांनी कडीपत्त्याला घातलं. वाळू सुकायला पोत्यावर पसरली.

चार दिवसांनी, सोमवारी, खिडकीजवळचा मुलगा परिपाठाआधीच माझ्या टेबलाशी आला. रविवारी तो वडिलांबरोबर टँकरवर गेला होता. बरोबर टेप नेला होता आणि टँकरच्या झाकणातून आत घालायला एक काठी. विहिरीत टँकर रिकामा करताना वडील आधी पाइप जोडतात. याने त्यांना विनवून तीनदा पाइप काढायला लावला होता आणि क्षणभर व्हॉल उघडून धार मोजली होती, खाली पाटी धरून. वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं: टँकर भरलेला, धार साडेपाच फूट. पाणी पाव, धार पावणेतीन फूट.

"बाई, पाणी पाव राहिलं तवा धार निम्मी झाली. मग निम्मं पाणी असताना ती निम्म्यापेक्षा जास्त का?" त्याने तिसरी ओळ दाखवली. पाणी निम्मं, धार चार फुटाला थोडी कमी.

मी त्याला शेजारी बसवलं आणि गणिताचं पुस्तक उघडून वर्गमुळाचं पान काढलं.